न पाहिलेला नंबर

बाबा, आपण दोघंही एकमेकांशी खोटं बोललो. आधी मी, मग तुम्ही. माझं खोटं तुम्हाला दोन दिवसांत कळलं, तुमचं मला कळलं तुम्ही गेल्यावर सतराव्या दिवशी. म्हणजे आता भांडायचं तर समोर माणूस नाही, आणि मला तर भांडायचंच आहे. आई म्हणतात, गेलेल्या माणसाला बोल लावू नये. मी बोल लावत नाही, नुसता जाब विचारते आहे. बारा वर्षं या घरात सून म्हणून काढली, तेवढा हक्क मला असावा.

तुमच्या फोटोखाली काय छापायचं ते तुमच्या महेशने आणि भावकीने बसून ठरवलं. नाव, गाव, तळोज्याच्या कारखान्यातली नोकरी, मागे कोण कोण. सगळं बरोबर आहे, पण शेवटची तीन वर्षं तुम्ही ज्याच्या मागे लागला होतात त्याचा त्यात उल्लेख नाही, कारण ते एका ओळीत सांगता येत नाही. मलाही आलं नाही. भेटायला आलेल्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "तुझे सासरे ते जुने लॅपटॉप कशाला गं जमवायचे?" आणि मी म्हटलं, "छंद होता." तुम्ही ऐकलं असतंत तर भरल्या ताटावरून उठला असता.

मला तुम्ही पहिल्यांदा समजावलंत ते स्वयंपाकघरात. मी बोंबील तळत होते आणि तुम्ही दाराला टेकून उभे होतात.

"मना सांग, कॉम्प्युटरचा बटन दाबला का आदी कोन उठतो?"

"विंडोज," मी म्हटलं.

"विंडोज कुठला! तो आयत्या पिठावर रेघोट्या मारनारा. त्याच्या आदी एक उठतो. बोर्डावर येवडीशी चिप असते, आठ पायांची. तिच्यात एक प्रोग्राम असतो. तो उठून बघतो मेमरी हाय का, स्क्रीन हाय का, कीबोर्ड हाय का. मग बाकीच्यांना उठवतो. तुजी सासू कशी, सगल्यांच्या आदी उठते, पानी भरते, गॅस लावते. मग आपन उठतो नि म्हनतो घर मी चालवतो."

आई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "आज सूर्य कुठं उगवला म्हनायचा?"

त्या पहिल्या उठणाऱ्याला फर्मवेअर म्हणतात. कंपन्या तो सीलबंद ठेवतात. पण जगात काही खटपटे लोक आहेत, त्यांनी त्याच्या जागी बसेल असा प्रोग्राम लिहून कुणीही वाचावा म्हणून उघडा ठेवला आहे. एवढं मला बोंबील करपेपर्यंत कळलं. मात्र हा उघडा प्रोग्राम वाटेल त्या मशीनवर बसत नाही. बसतो अशा मशीनची यादी लहान, आणि त्यातली बरीचशी मशीन जुनी, कुणी ना कुणी टाकून दिलेली. तुम्हाला त्यातलं एक हवं होतं. बटण दाबल्यापासून शेवटपर्यंत ज्यात काही झाकलेलं नाही असं एक, स्वतःचं.

ही ओढ कुठून आली ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. आईंनी सांगितलं. कारखान्यात तुम्ही इन्स्ट्रुमेंटचं काम बघायचात, तेव्हाची गोष्ट. टाकीचं तापमान दाखवणारी नवी पेटी आली होती, बंद, कुणी उघडायची नाही अशी. ती चुकीचा आकडा दाखवतेय हे तुम्हाला पाइपाजवळ नुसता हात नेऊन कळलं होतं. तुम्ही सांगितलंत, कुणी ऐकलं नाही, माल वाया गेला आणि मेमो तुम्हाला मिळाला. तोही सगळ्या शिफ्टसमोर वाचून दाखवला. नंतर पेटीवाल्या कंपनीचा माणूस आला, दहा मिनिटं लॅपटॉप जोडून बसला आणि गेला. त्याने आत काय बदललं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. "बघू तरी द्या," एवढंच म्हणत होतात म्हणे तुम्ही. तो मेमो अजून कपाटात आहे, रेशन कार्डाच्या पिशवीत.

हे मला आधी माहीत असतं तर मी तुमच्याशी इतका वाद घातला नसता. की घातलाच असता, कोण जाणे. मी देशावरची, वाद घातल्याशिवाय मला अन्न पचत नाही. "बाबा, तो उघडा कोड वाचणार कोण? तुम्ही? मी?" असं मी दर आठवड्याला विचारायची.

"मी नाय वाचनार," तुम्ही म्हणायचात. "पन हाटेलात आचाऱ्याची खोली उघडी असली म्हंजे आपन आत जाऊन भाजी हलवतो काय? नाय. तरी आचारी नीट वागतो ना?"

"आणि बंद दारामागे चांगली भाजी करणारे आचारी नसतातच का?"

"असतील. पन मना कसा कलनार?"

मग मी म्हणायची की डॉक्टरांवर विश्वास ठेवता, बसच्या ड्रायव्हरवर ठेवता, मग या एका चिपेवरच का नाही. त्यावर तुम्ही माझ्या नोकरीवर घसरायचात. मी जासईच्या कंटेनर यार्डात कागदपत्रं बघते. आलेल्या प्रत्येक कंटेनरच्या दारावरच्या सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडायचा आणि मग सही करायची, हे माझं काम. "तू दिवसभर सील बघतेस," तुम्ही म्हणायचात, "सील शाबूत हाय म्हंजे आतला माल बरा हाय, असा हाय काय?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. तुम्ही थांबला असतात तर एखादे दिवशी सापडलंही असतं.

तुमचा शोध म्हणजे अख्ख्या सोसायटीला टेन्शन होतं. ग्रुपवर तुम्ही संदेश टाकलात, "कोणाकडे जुना लॅपटॉप पडून असेल तर खालच्या लेबलचा फोटो टाकावा." लोकांनी मिक्सरच्या लेबलांचे फोटो टाकले, इन्व्हर्टरचे टाकले, एकाने बी.पी. मोजायच्या यंत्राचा टाकला. तुम्ही प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंत आणि आभार मानलेत. तुमची ती दोनशे पानी वही, डावीकडे मॉडेल, मध्ये बोर्डाचा नंबर, उजवीकडे बरोबर किंवा फुली आणि फुलीचं कारण. फुल्याच फुल्या. एकदा एका जुन्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर तो उघडा प्रोग्राम बसला. कंपनीच्या चिन्हाऐवजी काळ्या पडद्यावर साधी पांढरी अक्षरं आली, आणि तुम्ही आईंना हाताला धरून बाहेर आणलंत. आई म्हणाल्या, "चित्र नाय काय यात?" अकरा दिवस चालला तो, मग म्हातारा बोर्डच गेला. बाराव्या दिवशी तुम्ही दाढी केली नाहीत.

त्यानंतर तुम्ही एका लॅपटॉपवर नजर ठेवलीत. तळोज्याच्या रस्त्याला इम्तियाजभाईंचं दुकान आहे, कंपन्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर ते लॉटने उचलतात. तुमची आणि त्यांची दोस्ती मला कधी उलगडली नाही, निम्मा वेळ तुम्ही दोघं कोळंबीच्या कालवणावर बोलायचात. पण तुमच्या यादीतलं काही आलं की ते बाजूला काढून ठेवायचे. त्या लॅपटॉपचं एक त्रांगडं होतं. नाव एकच, बाहेरून दिसायला एकसारखे, आत मात्र दोन प्रकारचे बोर्ड. आधीच्या बोर्डावर तुमचा उघडा प्रोग्राम बसतो. नंतरच्या बोर्डात कारखान्यातच कायमचं कुलूप घातलेलं, कंपनीचा सोडून दुसरा प्रोग्राम टाकला तर मशीन उठतच नाही. कुठला बोर्ड ते लेबलवरून कळत नाही. पाठचं झाकण काढायचं, मेमरीची पट्टी उचलायची, तिच्याखाली बारीक अक्षरात नंबर असतो तो वाचायचा.

एवढ्यात तुमचं हृदय थकलं. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, जिने बंद केले, मीठ बंद केलं. मिठावरून तुम्ही जेवढं भांडलात तेवढं स्कूटरवरून नाही. आणि नेमका तेव्हाच इम्तियाजभाईंचा फोन आला की तुमच्या नावाचा लॅपटॉप आलाय, पण गिऱ्हाईक दारात उभं आहे, शनिवारपर्यंत ठेवतो. महेश बंदरावर ड्यूटीला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काही मागायचं असलं की तुम्ही बोलायचा नाहीत, नुसता चष्मा पुसायचात.

"मी जाते," मी म्हटलं.

तुम्ही मला सगळं समजावलंत, दोनदा. कागदावर नंबर लिहून दिलात. छोटा स्क्रू-ड्रायव्हर दिलात, त्याला दोरी बांधून, हरवू नये म्हणून. "झाकन काढल्याबिगर घेऊ नको पोरी. नंबर बगितल्याबिगर नाय."

आता माझं ऐका. त्या शनिवारी दुपारी मी इम्तियाजभाईंच्या दुकानात उभी होते आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या पुतण्याची हळद होती, माझा ब्लाउज पनवेलला टेलरकडे होता आणि टेलर पाचला दुकान बंद करून गावी जाणार होता. इम्तियाजभाई कुणाशी तरी फोनवर होते, लॅपटॉप काउंटरवर होता, नाव तेच होतं. पाठीला सात-आठ स्क्रू होते. मी दोन काढले, तिसरा फिरेना. मी ते दोन परत बसवले आणि लॅपटॉप पिशवीत टाकला. ब्लाउज मिळाला, बाबा. चांगला शिवला होता.

घरी आल्यावर तुम्ही एकच विचारलंत. "नंबर बगितला?"

"बघितला," मी म्हटलं. "तोच आहे."

यार्डात अकरा वर्षं मी न पाहिलेल्या नंबरावर एकदाही सही केलेली नाही. मला कामावर त्यासाठी ओळखतात. ड्रायव्हर शिव्या घालतात, तरी उन्हात कंटेनरपर्यंत चालत जाऊन मी सील हातात धरून वाचते. आणि घरात, तुम्ही जन्मात एकदा माझ्याकडे काही मागितलं तर मी चेहरा न हलवता खोटं बोलले.

सोमवारी मी कामावरून आले तेव्हा तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात, लॅपटॉप मांडीवर चालू. मी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "बसला?"

"बसला," तुम्ही म्हणालात.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. देवाने लाज राखली, असं मी मनात म्हटलं आणि त्या रात्री खरोखर देवाला साखर ठेवली. नशिबाने बरोबरच बोर्ड निघाला होता, मग न पाहिलेल्या नंबराचं पाप कशाला उगाळायचं?

आणि मग मी फुशारकी मारायला लागले. हे लिहिताना आत्ता कान गरम होताहेत. हळदीनंतर तुम्हाला भेटायला पाहुणे आले, त्यांच्यासमोर मी म्हटलं, "बाबांना तीन वर्षांत मिळाला नाही तो मी एका खेपेत आणला." पाहुणे हसले. तुम्हीही हसलात. "खरा हाय," म्हणालात, "माज्या सुनेची नजर हाय ती." मग तर मला ऊतच आला. सोसायटीत सांगितलं, माहेरी फोनवर सांगितलं, यार्डात साहेबांनाही सांगितलं. प्रत्येक वेळी तुम्ही जवळ असलात तर मान डोलवायचात. आई मात्र उठून आत जायच्या. मला वाटायचं त्यांना कंटाळा येतो.

पुढचे पाच महिने तो लॅपटॉप तुमच्याजवळून हलला नाही. एका बोटाने तुम्ही त्यावर मराठीत लिहीत होतात, उघडं फर्मवेअर घरच्या घरी कसं बसवायचं त्याच्या पायऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसासाठी. एक गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. तुम्ही तो कधी बंद करायचा नाहीत. नुसतं झाकण मिटायचात, आणि चार्जर कायम लावलेला. मी एकदा आवरताना बटणाकडे हात नेला तर तुम्ही ओरडलात, "नको, नको, काम चाललाय त्याच्यात!" तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात ती तेवढीच वेळ. मी चिडले नाही. म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकलाय, असू दे, असं म्हटलं.

ते शेवटचे दिवस मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहेत, मला माहीत आहेत. फक्त एवढंच की दवाखान्यात नेताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "चार्जर काढू नको." मी हसले होते.

काढला कुणीतरी. मंडपवाल्याने पंख्यासाठी प्लग काढला असेल, की मीच काढला असेल, कळायला मार्ग नाही. सगळं कार्य उरकलं, पाहुणे गेले, आणि मला तुमच्या त्या पायऱ्या वाचाव्याशा वाटल्या. लॅपटॉप मेला होता. चार्जर लावला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येणार म्हणून बघत बसले, तर पडदाभर कंपनीचं चिन्ह आलं, झोकात.

मी तो बंद केला आणि पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. मग दोरी बांधलेला तुमचा स्क्रू-ड्रायव्हर शोधला आणि पलंगावर बसून पाठचं झाकण काढलं. सगळे स्क्रू सहज फिरले, तिसरासुद्धा. तुम्ही ते नीट तेल देऊन बसवले होते. मेमरीच्या पट्टीखालचा नंबर वाचला. कुलूपवाला.

मग वही काढली. प्रत्येक मशीनपुढे तुमचं बरोबर किंवा फुली, आणि कारण. माझ्या लॅपटॉपच्या ओळीत बोर्डाचा नंबर नाही, बरोबरची खूण नाही, फुलीही नाही. उजवीकडे लिहिलंय, "अर्चनाने आनला. कीबोर्ड चांगला हाय."

बाबा, तुम्ही वहीत खोटं लिहू शकला नाहीत. फुलीही मारू शकला नाहीत. मग कीबोर्डचं कौतुक केलंत! एवढं वाचून मी जी रडले, ती तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा रडले नव्हते.

मला वाटलं एवढंच असेल. पण या मंगळवारी इम्तियाजभाई आले. कार्याच्या वेळी त्यांच्या घरी आजारपण होतं म्हणून येता आलं नव्हतं. आईंसाठी फळं आणली, तुमच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले. निघताना दारात मी त्यांना विचारलं, "भाई, मी नेला तो लॅपटॉप चुकीचा होता, तुम्हाला माहीत होतं?"

ते चप्पल घालायचे थांबले. "तुम्ही नेला तेव्हा नाय माहीत," ते म्हणाले. "नंतर काकांनी फोन केला, बोलले, लॉकवाला निघाला, दुसरा बघ. मी बोललो, काका, आणून द्या, बदलून देतो. तर बोलले, नको, तो ऱ्हाऊ दे, तिच्यासमोर नको. मग दोन महिन्यांनी मला खरावाला भेटला. मी स्वतः खोलून नंबर बघितला, काकांना फोन लावला. बोललो, काका, भेटला तुमचा!"

"मग?"

"काका बोलले, इम्तियाज, ठेव तुझ्याकडे. माझ्याकडे हाय एक, सुनेनी आणलाय. मी बोललो, काका, तीन वर्षं तुम्ही याच्यासाठी माझं डोकं खाल्लं, आणि आता नको? तर बोलले, घरात दुसरा आला तर ती विचारेल ना, हा कशाला. मग मी काय सांगू?" इम्तियाजभाईंनी डोळे पुसले. "तुम्हाला बोलायचं नव्हतं, भाभी. पण आता काका नाहीत, तुम्ही विचारलं, तर खोटं कसं बोलू."

बाबा, तुम्ही मला ओरडायला हवं होतंत. महेशने एकदा एक स्क्रू सैल ठेवला तर तुम्ही त्याला जेवताना धारेवर धरलं होतंत, चाळिशीच्या माणसाला. मला का नाही? मी परक्या घरची म्हणून? हा प्रश्न मी तीन दिवस उगाळला, रागारागाने भांडी आपटली, आईंना वाटलं माझी तब्येत बिघडली. तुम्ही म्हणू शकला असतात, "पोरी, नंबर बगितला नव्हतास ना?" मी कबूल केलं असतं. रडले असते. बरोबरचा आला त्या दिवशी जाऊन आणला असता, आणि तुम्ही निदान तीन महिने तुमच्या हक्काच्या मशीनवर बसला असतात. तुमची ती एकच इच्छा होती. ती इम्तियाजभाईंच्या मांडणीवर धूळ खात पडून होती आणि तुम्ही नको म्हणालात, का, तर माझी मान खाली जाऊ नये.

आता राग उतरलाय, म्हणून जरा नीट दिसतं. तुमची मान एकदा सगळ्या शिफ्टसमोर खाली गेली होती, तीही तुमची चूक नसताना. मी तर भर पाहुण्यांत शेखी मिरवत होते, माझी चूक असताना. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी त्या सगळ्यांसमोर खोटी पडले असते. ते कसं असतं ते तुम्हाला ठाऊक होतं. झाकलेलं काहीही न चालणाऱ्या माणसाने ते चिन्ह मला दिसू नये म्हणून पाच महिने चार्जर लावून ठेवला. याला उपकार म्हणावं की आणखी काही, मला कळत नाही. तुम्ही माझ्यावर एवढी माया केलीत हे मला माहीतच नव्हतं, आणि हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

म्हणून मी काल तळोज्याला गेले आणि तो आणला. आज रविवार. सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली आणि तुमचा चिमटा काढला, तो चिपेच्या आठ पायांवर बसवायचा. चिपेवरचं वाचायला आणि तिच्यावर नवं लिहायला दुसरा कॉम्प्युटर लागतो, त्यासाठी माझाच लॅपटॉप घेतला, कुलूपवाला. तुमच्या सगळ्या पायऱ्या त्यातच आहेत. "आधी जुना प्रोग्राम वाचून ठेवावा. दोनदा वाचावा. दोन्ही जुळले तरच पुढे जावे." माझे दोनदा जुळले नाहीत. चिमटा नीट बसला नव्हता. तिसऱ्यांदा जुळले. तुम्ही त्या मॉडेलसाठी तयार करून ठेवलेली फाइल पेन ड्राइव्हवर होती, कधीपासून वाट बघत. ती चिपेवर चढवली. चिमटा काढताना बोर्ड धरायला महेशला बोलवावं लागलं. तो आला, धरलं, काही न विचारता परत गेला. तुमचाच मुलगा.

झाकण बसवून बटण दाबलं. पडदा काळा. तसाच काळा. माझा हात बटणाकडे गेला, आणि तेवढ्यात शेजारच्या पडद्यावर तुमची पुढची ओळ दिसली, "पहिल्या खेपेला वेळ लागतो. घाबरून बंद करू नये." मी हात मांडीवर ठेवून बसले. किती वेळ गेला ते मोजलं नाही.

आणि आली, बाबा. काळ्यावर पांढरी, साधी, बारीक अक्षरं. कुणाचं चिन्ह नाही, काही नाही.

मी ओरडले, "बाबा, बसला!" बाबा म्हणून हाक मारायला आता या घरात कुणी नाही हे ओरडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

आई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबल्याचं मला इथून ऐकू आलं. मग तिथूनच, नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "या खेपेला खरा ना गो?"